ऑस्करला भारताचा सिनेमा कोण निवडतं? आणि दरवर्षी त्यावरून भांडण का होतं?

सप्टेंबर महिना आला की एक बातमी ठरलेली असते. 'अमुक चित्रपट भारताकडून ऑस्करला'. आणि त्या बातमीखाली प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात. 'सरकारला सिनेमातलं काय कळतं?', 'पुन्हा चुकीचा पिक्चर पाठवला', 'यापेक्षा तो दुसरा पाठवला असता तर ऑस्कर पक्का होता'.

यातली पहिली प्रतिक्रिया तर सरळ चुकीची आहे. ऑस्करसाठी भारताचा चित्रपट सरकार निवडत नाही. हे काम फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था करते. १९५१ साली स्थापन झालेली ही संस्था म्हणजे देशभरातल्या निर्माते, वितरक आणि थिएटरवाल्यांच्या संघटनांची शिखर संघटना. म्हणजे हा सिनेमाच्या धंद्यातल्या लोकांचा महासंघ आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाचं खातं नाही, राष्ट्रीय पुरस्कार देणारी यंत्रणाही नाही. त्यामुळे ज्या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं तोच ऑस्करला जाईल असा काही नियम नाही.

मग या फेडरेशनला हा अधिकार दिला कोणी? ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीने. 'सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट' या विभागात (२०१९पर्यंत याचं नाव 'परदेशी भाषेतील चित्रपट' असं होतं) एका देशाकडून एकच चित्रपट घेतला जातो. तो कोणी पाठवायचा, हेही अकादमीने मान्य केलेली त्या देशातली समितीच ठरवते. दिग्दर्शकाने स्वतः उठून या विभागात अर्ज करायची सोय नाही.

ही मान्यता किती महत्त्वाची असते ते आपल्या शेजारच्या भूतानला विचारा. 'लुनाना : अ याक इन द क्लासरूम' हा तिथला गोड सिनेमा भूतानने पाठवला आणि अकादमीने तो परत केला. कारण भूतानने दोन दशकांहून अधिक काळ काही पाठवलंच नव्हतं आणि तिथे मान्यताप्राप्त निवड समितीच उरली नव्हती. मग रीतसर समिती झाली, पुढच्या वर्षी तोच सिनेमा पुन्हा गेला आणि थेट शेवटच्या पाचात पोहोचला.

निवड होते कशी?

फेडरेशन निर्मात्यांकडून प्रवेशिका मागवते. निर्मात्याने शुल्क भरून चित्रपट द्यायचा. इथेच पहिली गंमत आहे. निर्मात्याने प्रवेशिका दिलीच नाही, तर चित्रपट कितीही भारी असला तरी समितीसमोर येत नाही. त्यामुळे 'तो का नाही पाठवला?' या प्रश्नाचं उत्तर कधी कधी 'त्यांनी अर्जच केला नव्हता' इतकं साधं असू शकतं.

मग चित्रपटसृष्टीतल्या लोकांची समिती नेमली जाते. दिग्दर्शक, संकलक, छायालेखक, लेखक असे वेगवेगळ्या भाषांतले लोक त्यात असतात. समितीत निदान निम्मे लोक प्रत्यक्ष सिनेमा बनवणारे असावेत अशी अकादमीची अट आहे. ही मंडळी काही दिवस एकत्र बसून आलेले सगळे चित्रपट बघतात. २०२४ मध्ये असे २९ चित्रपट होते, २०२५ मध्ये २४.

चित्रपटासाठीच्या अकादमीच्या अटी तशा मोजक्या आहेत. लांबी ४० मिनिटांपेक्षा जास्त हवी. निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीव्यतिरिक्त भाषेत हवेत. ठरवून दिलेल्या मुदतीत (हल्ली ती साधारण ३० सप्टेंबरला संपते) अमेरिकेबाहेर थिएटरमध्ये सलग किमान सात दिवस चाललेला हवा. आणि तो बनवण्यात त्या देशाच्या लोकांचा सर्जनशील वाटा मोठा असायला हवा.

भारताने नाव दिलं की काम संपलं असंही नाही. ८५च्या आसपास देशांचे चित्रपट आलेले असतात. अकादमीचे सदस्य त्यातून आधी १५ निवडतात, मग त्यातून ५. या पाचांना 'नामांकन' म्हणायचं. आपल्याकडे सप्टेंबरमध्येच 'ऑस्कर नामांकन मिळालं' म्हणून पेढे वाटले जातात, ते जरा लवकर होतं.

आजवर भारताच्या तीनच चित्रपटांना या विभागात नामांकन मिळालंय. पहिल्याच वर्षी, १९५७ साली पाठवलेला 'मदर इंडिया', मग मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे!' आणि २००२च्या सोहळ्यात आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान'. पुरस्कार एकदाही नाही.

मग भांडण कशावरून?

एका देशातून एकच चित्रपट, आणि आपल्याकडे सिनेमे बनतात डझनभर भाषांमध्ये. फ्रान्स किंवा डेन्मार्कच्या समितीपेक्षा आपल्या समितीचं काम अवघडच आहे. पण वाद फक्त त्यामुळे होत नाहीत. खरा वाद असतो तो समितीने काय शोधायचं यावर. वर्षातला सगळ्यात चांगला सिनेमा? ऑस्करला जिंकण्याची सगळ्यात जास्त शक्यता असलेला? की सगळ्यात 'भारतीय' वाटणारा? हे तिन्ही एकच असतील असं नाही, आणि यातलं नेमकं काय निवडायचं हे कुठल्याच नियमात स्पष्ट लिहिलेलं नाही.

२००७ मध्ये 'एकलव्य' निवडला गेला तेव्हा 'धर्म' या चित्रपटाच्या दिग्दर्शिका भावना तलवार थेट मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. शेवटी 'एकलव्य'च गेला. २०१२ मध्ये 'बर्फी!' गेला, तर त्यातले प्रसंग जुन्या विदेशी चित्रपटांवरून उचललेत म्हणून लोकांनी दोन्ही दृश्यं शेजारी ठेवून व्हिडिओ फिरवले.

२०१३चं प्रकरण मात्र अनेकांच्या अजून मनात आहे. मुंबईच्या डबेवाल्यांकडून चुकलेल्या एका डब्याची गोष्ट सांगणारा 'द लंचबॉक्स' कान महोत्सवात गाजला होता. अमेरिकेत तो सोनी पिक्चर्स क्लासिक्सने घेतला होता. ही तीच कंपनी, जिने 'लगान' तिकडे नेला होता. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की हाच जाणार. समितीने निवडला 'द गुड रोड' हा गुजराती चित्रपट. गंमत म्हणजे सरकारी एनएफडीसीचा पैसा दोन्ही चित्रपटांत होता. 'द गुड रोड' पुढे गेला नाही. 'द लंचबॉक्स'ला या विभागाचं दारच बंद झालं.

वितरकाला इतकं महत्त्व का, हे इथे समजून घ्यायला हवं. अकादमीचे हजारो सदस्य काही सगळे ८५ चित्रपट बघत बसत नाहीत. त्यांच्यापर्यंत आपला चित्रपट पोहोचवावा लागतो. लॉस एंजेलिसमध्ये खास खेळ लावा, जाहिराती द्या, दिग्दर्शकाच्या मुलाखती घडवा. याला 'कॅम्पेन' म्हणतात आणि त्याला प्रचंड पैसा लागतो. 'लगान'च्या वेळी आमिर खान आणि गोवारीकर तिकडे जाऊन ठाण मांडून बसले होते. अमेरिकी वितरक आधीच असेल तर यातला बराच भार तो उचलतो. नसेल तर काय होतं, ते मराठी माणसाला 'श्वास'ने दाखवलं.

मराठीचे तीन

२००४ मध्ये संदीप सावंत यांचा 'श्वास' भारताकडून निवडला गेला, तेव्हा मराठी चित्रपट ऑस्करला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून देणारा हाच सिनेमा. कोकणातून नातवाला घेऊन पुण्याला आलेले आजोबा, त्याच्या डोळ्यांचा कॅन्सर, आणि शस्त्रक्रियेआधीचा तो एक दिवस. चित्रपट लहान, निर्मातेही लहान. ऑस्करच्या प्रचाराला पैसा आणायचा कुठून? मग महाराष्ट्रात अक्षरशः वर्गणी निघाली. सामान्य प्रेक्षकांपासून संस्थांपर्यंत अनेकांनी हातभार लावला. नामांकन मिळालं नाही, पण पुढच्या मराठी सिनेमाला त्याने जो धीर दिला तो वेगळाच.

२००९ मध्ये परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' गेला, दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या सिनेमाच्या खटपटीची गोष्ट. आणि २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. 'कोर्ट'ला व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार होते, सुवर्णकमळ होतं, जगभरच्या समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला होता. तरीही अकादमीच्या पहिल्या गाळणीतून तो पुढे गेला नाही.

'कोर्ट'चं उदाहरण महत्त्वाचं आहे, कारण 'फेस्टिवलवाला सिनेमा पाठवा, ऑस्कर येईल' असं म्हणणाऱ्यांना ते आवडत नाही. व्हेनिसला दाखवलेला तमिळ 'विसारनै', रॉटरडॅमला सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला 'कूळांगल' हेही पाठवून झालेत. ते पुढे गेले नाहीत. म्हणजे फेडरेशनने सगळ्याच वेळी माती खाल्ली असं म्हणणं बरोबर नाही.

'आरआरआर' आणि एका दगडात दोन पक्षी

२०२२ मध्ये देशभर 'आरआरआर'चा गजर होता आणि समितीने पान नलिन यांचा गुजराती 'छेल्लो शो' निवडला. मोठा गदारोळ झाला. पण पुढे काय झालं बघा. 'छेल्लो शो' पहिल्या पंधरात पोहोचला. आणि 'आरआरआर'च्या निर्मात्यांनी देशाच्या प्रवेशिकेची वाट न पाहता सर्वसाधारण विभागांत प्रचार केला, त्यातून 'नाटू नाटू'ला सर्वोत्कृष्ट गाण्याचं ऑस्कर मिळालं.

म्हणजे अमेरिकेत नियमानुसार चित्रपट प्रदर्शित केला, तर गाणं, दिग्दर्शन, वेशभूषा, अगदी सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीही फेडरेशनला न विचारता स्पर्धेत उतरता येतं. १९८३ मध्ये कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं, तेही भारताच्या प्रवेशिकेतून आलेलं नव्हतं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे जानेवारीत फिरणाऱ्या पोस्ट. 'अमुक सिनेमा ऑस्करच्या शर्यतीत!' २०२५च्या जानेवारीत 'कंगुवा'बद्दल अशीच बातमी व्हायरल झाली. ती खोटी नव्हती, पण अर्धी होती. अकादमीने ३२३ पात्र चित्रपटांची यादी काढली होती आणि त्यात त्याचं नाव होतं. पात्र म्हणजे प्रदर्शनाच्या अटी पूर्ण केल्या, इतकंच.

२०२४ : 'भारतीय' सिनेमा म्हणजे कोणता?

अलीकडचा सगळ्यात मोठा वाद २०२४चा. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'ने मे महिन्यात कानमध्ये ग्रां प्री जिंकलं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारताचा चित्रपट तीस वर्षांनी पोहोचला होता. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्स आणि त्यांच्या रुग्णालयात स्वयंपाक करणारी, घर हातचं जात असलेली पार्वती यांची ही गोष्ट मल्याळम, हिंदी आणि मराठीत बोलते. ऑस्करच्या मुदतीत बसावा म्हणून तो सप्टेंबरमध्येच केरळात मोजक्या पडद्यांवर प्रदर्शितही केला गेला.

२३ सप्टेंबरला समितीने नाव जाहीर केलं ते किरण राव यांच्या 'लापता लेडीज'चं. समिती १३ जणांची होती आणि तेराही पुरुष. बायकांच्या दोन सिनेमांतून एक निवडताना समितीत एकही बाई नाही, हे अनेकांना खटकलं, आणि ते खटकण्यासारखंच होतं. त्यात फेडरेशनचे अध्यक्ष रवी कोट्टारकरा यांनी समितीचं म्हणणं एका मुलाखतीत सांगितलं. त्यांचा सूर असा, की कपाडिया यांचा चित्रपट बघताना भारतात घडणारा युरोपीय सिनेमा बघतोय असं सदस्यांना वाटलं.

मुंबईची लोकल, पावसाळा, भाड्याची खोली, कोकणातलं गाव. यात युरोप कुठे आला? निर्मितीत फ्रान्सचा पैसा होता हे खरं. पण 'लापता लेडीज' मनोरंजक आणि प्रेमळ सिनेमा आहे म्हणून तो निवडला, असं म्हटलं असतं तर वाद इतका चिघळला नसता. दुसऱ्याच्या भारतीयत्वावर बोट ठेवल्यामुळे तो चिघळला. बाकी, छाया कदम दोन्ही चित्रपटांत आहेत. इकडे मंजू माई, तिकडे पार्वती. 'फँड्री', 'सैराट'मधल्या या अभिनेत्रीसाठी तरी ते वर्ष कुठूनही फायद्याचंच होतं.

'लापता लेडीज' पंधरात आला नाही. त्याच यादीत हिंदी भाषेतला, शहाना गोस्वामीची मुख्य भूमिका असलेला 'संतोष' मात्र होता. तो पाठवला होता ब्रिटनने. आणि फ्रान्सने कपाडिया यांचा चित्रपट आपल्या शेवटच्या चारांत धरला होता, पण अखेर 'एमिलिया पेरेझ'ला पसंती दिली.

इतर देशांत सगळं सुरळीत असतं का?

अजिबात नाही. २०२३ मध्ये फ्रान्सने कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला 'अॅनाटॉमी ऑफ अ फॉल' डावलून दुसराच चित्रपट पाठवला. तो पाचात आला नाही, आणि डावललेल्या चित्रपटाने इतर विभागांत पाच नामांकनं मिळवून पटकथेचं ऑस्कर नेलं. इराणची गोष्ट आणखी वेगळी. तिथे सरकारचा रोष ओढवलेल्या दिग्दर्शकांचे चित्रपट देशाकडून जाणं कठीणच. मोहम्मद रसूलोफ यांचा फारसी चित्रपट 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग' शेवटी जर्मनीने पाठवला आणि त्याला नामांकन मिळालं.

आपल्याकडे २०२५ मध्ये 'अंकुश', 'तेजाब'वाले एन. चंद्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' निवडला. कानमध्ये दाखवलेला, निर्मितीत करण जोहर आणि पाठीशी मार्टिन स्कॉर्सेसी असलेला. या निवडीवर फारसं कोणी भांडलं नाही. डिसेंबरमध्ये तो पहिल्या पंधरात पोहोचला, जानेवारीत पाचात मात्र नव्हता.