वेष्टनाआडचे वावडे

एखाद्या पदार्थाचे ‘वावडे’ असणे हा मराठीतील जुना शब्दप्रयोग. त्यातील गंभीर प्रकारास वैद्यकशास्त्र ॲलर्जी म्हणते. अन्नातील एखाद्या प्रथिनाला शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते आणि अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे अशी लक्षणे उद्भवतात. क्वचित रक्तदाब एकाएकी घसरून प्राणावर बेतते. अशा वेळी मांडीत तातडीने दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय ठरतो. ताटातले शेंगदाणे डोळ्यांना दिसतात व बाजूला सारता येतात. तयार अन्नात ते दिसत नाहीत.

हिंगाचेच पाहा. डबीत मिळणारी हिंगपूड हा निव्वळ हिंग नसतो. मूळ चीक अतिशय उग्र असल्याने त्यात डिंक व पीठ मिसळतात आणि हे पीठ बहुधा गव्हाचे असते. त्यामुळे साध्या वरणभाताच्या फोडणीतूनही गहू पोटात जातो. सिलिॲक विकाराच्या रुग्णांना (हा विकार काटेकोर अर्थाने ॲलर्जी नव्हे) ग्लुटेन पूर्णतः वर्ज्य असते; त्यांच्यासाठी काही उत्पादक तांदळाचे पीठ वापरतात. सोडियम केसिनेट व व्हे म्हणजे दूधच, माल्ट बहुधा बार्लीचे, तर सोया सॉसमध्ये अनेकदा गहू असतो. सुक्या जर्दाळूंचा तजेलदार केशरी रंग टिकतो तो सल्फाइटमुळे. वेष्टनावर ते २२० ते २२८ या क्रमांकांआड दडलेले असते.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामादी सुकामेवा, सोयाबीन आणि किलोमागे १० मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट यांचा स्वतंत्र उल्लेख बंधनकारक करण्यात आला. या यादीत तीळ नाही, मोहरीही नाही. युरोपीय संघाच्या १४ घटकांच्या यादीत दोन्ही आहेत. तिळगुळाच्या देशात तीळ यादीबाहेर राहावा, हे नवलच. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला. मात्र यंत्रे तीळमुक्त ठेवण्यापेक्षा पावात मुद्दाम तीळ घालून तसे छापणे काही बेकरी उत्पादकांना सोयीचे वाटले.

यादी प्रामाणिक असूनही धोका उरतोच. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांना मोहरीयुक्त पदार्थ टाळण्यास सांगितले. मोहरीत शेंगदाण्याचा अंश आढळला होता आणि त्या मालाचा माग भारतापर्यंत पोहोचला. सॉस किंवा सॅलडवर मोहरीचा उल्लेख होता. शेंगदाण्याचा असणे शक्यच नव्हते.

सुट्ट्या मिठाई-फरसाणावर तर वेष्टनच नसते. काजूकतलीत शेंगदाण्याची पूड मिसळली असल्यास ती चवीवरून सहज ओळखू येत नाही. कोणत्या कढईत आधी काय तळले, हे ग्राहकाने दुकानदारालाच विचारावे लागते.