नाळेतील रक्त : ठेव कोणाची, उपयोग कोणाला?

बाळाचा जन्म झाला की नाळ कापली जाते आणि थोड्याच वेळात वार बाहेर पडते. घरोघरी बाळंतपणे होत असत त्या काळी ही वार परसात पुरण्याची रीत होती. रुग्णालयांत ती जैविक कचऱ्यात जमा होऊ लागली. या वारेत आणि नाळेत बाळाचेच काही रक्त शिल्लक राहते. गोळा केले तर ते साधारणतः चहाच्या कपाएवढे भरते. दिसायला ते इतर रक्तासारखेच असले, तरी त्यात रक्तजनक मूलपेशींचे प्रमाण लक्षणीय असते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका अशा सर्व रक्तघटकांची निर्मिती याच मूलपेशींपासून होते. प्रौढ माणसात त्या मुख्यतः अस्थिमज्जेत असतात व तेथून काढण्यासाठी दात्याला भूल द्यावी लागते किंवा इंजेक्शने देऊन त्या रक्तात उतरवाव्या लागतात. नाळेतील रक्त घेताना मात्र आई आणि बाळ या दोघांनाही इजा होत नाही.

या रक्ताचा उपचारासाठी पहिला यशस्वी वापर ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमान यांनी केला. रुग्ण होता फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या आनुवंशिक विकाराने ग्रासलेला पाच वर्षांचा अमेरिकन मुलगा. त्याच्या आईला पुन्हा दिवस गेले, तेव्हा पोटातील बाळ निरोगी असून त्याच्या पेशी भावाशी जुळतात, असे तपासणीत आढळले. त्या बहिणीच्या जन्मावेळी नाळेतील रक्त गोठवून ठेवण्यात आले आणि पुढे ते पॅरिसला नेण्यात आले. मुलगा बरा झाला. बहिणीचे रक्त भावाच्या कामी आले, ही या कथेतील सर्वांत महत्त्वाची बाब पुढील जाहिरातबाजीत नेमकी झाकली गेली.

पुढे न्यूयॉर्क येथे डॉ. पाब्लो रुबिनस्टाइन यांच्या पुढाकाराने सार्वजनिक पेढी उभी राहिली आणि १९९३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात नात्यात नसलेल्या दात्याच्या नाळेतील रक्ताचे प्रत्यारोपण झाले. तेव्हापासून जगभरात अशी ३५ हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली आहेत. रक्तकर्करोग, लिम्फोमा, थॅलेसेमिया, सिकलसेल, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, जन्मजात प्रतिकारशक्तीचा अभाव आणि चयापचयाचे काही दुर्मिळ विकार यांत ते उपयुक्त ठरते.

रक्त गोळा करण्याची पद्धत साधी आहे. नाळेला चिमटा लावून ती कापल्यावर तिच्यातील शिरेत सुई घालून रक्त पिशवीत घेतात. एचआयव्ही, कावीळ, उपदंश आदींसाठी तपासण्या होतात, पेशींची मोजदाद होते आणि तांबड्या पेशी व रक्तद्रव बहुतांशी वेगळा करून उरलेला भाग द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवला जातो. दोन दशकांहून अधिक काळ गोठवलेल्या पेशी कार्यक्षम राहिल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

या पेशी अननुभवी असतात, हाच त्यांचा गुण. प्रत्यारोपित पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला चढवण्याचा धोका त्यांच्या बाबतीत कमी असतो. त्यामुळे ऊतिसाधर्म्याच्या सहापैकी चार खुणा जुळल्या तरी काम भागू शकते. उणीव आहे ती प्रमाणाची. रुग्णाच्या दर किलो वजनामागे किमान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. पंधरा किलोच्या मुलाला चांगली भरलेली एक पिशवी सहज पुरते. साठ किलोच्या माणसाला अनेकदा दोन बाळांचे रक्त एकत्र द्यावे लागते. शिवाय नव्या पेशी रुजायला तीन-चार आठवडे लागतात व तेवढा काळ रुग्ण संसर्गाच्या छायेत राहतो. अर्ध्या जुळणाऱ्या आई, वडील वा भावंडांकडून मूलपेशी घेण्याचे तंत्र सुधारल्यापासून नाळेतील रक्ताची मागणी जगभर घटली आहे, हेही नोंदवले पाहिजे.

भारतात सार्वजनिक पेढ्यांनी मूळ धरले नाही. पसरल्या त्या खासगी पेढ्या. प्रसूतिपूर्व तपासणीच्या प्रतीक्षागृहातच भावी आईबापांच्या हाती पत्रक पडते, हप्त्यांची सोय सांगितली जाते आणि 'जैविक विमा' हा शब्द उच्चारला जातो. तो शब्द दिशाभूल करणारा आहे. पहिल्या वीस वर्षांत मुलाला स्वतःचेच साठवलेले रक्त लागण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकी क्षीण मानली जाते. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक विकार असेल, तर सदोष जनुक साठवलेल्या पेशींतही असतेच. बालपणीच्या रक्तकर्करोगाची बीजे अनेकदा जन्मतःच रक्तात आढळतात. मग तेच रक्त परत देण्यात अर्थ काय? मधुमेह, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी यांवरील वापर अद्याप प्रमाणित उपचार ठरलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्वतःच्या भावी उपयोगासाठी साठवणुकीला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनेही २०१८ मध्ये खासगी साठवणुकीची शिफारस नाकारली.

साठवणुकीचा दर्जा हा वेगळाच प्रश्न. डिसेंबर २०११ मधील नियमदुरुस्तीने भारतात या पेढ्यांना औषधविषयक परवान्याच्या कक्षेत आणले. पण परवान्याने टाकीतले तापमान आपोआप टिकत नाही. सिंगापूरमधील एका खासगी पेढीच्या काही टाक्यांत तापमान मर्यादेबाहेर गेल्याचे २०२३ मध्ये उघड झाले आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबांची ठेव निकामी ठरली. ठेव काढण्याची वेळ सहसा येतच नसल्याने असे दोष वर्षानुवर्षे कोणाला कळतही नाहीत.

वैद्यकीय संशोधन परिषदेने अपवाद केला आहे तो घरात या पेशींनी बरा होऊ शकणारा रुग्ण असलेल्या कुटुंबाचा. थॅलेसेमियाग्रस्त मूल असलेल्या जोडप्याला हा विचार खरोखर करावा लागतो. सिंधी, लोहाणा आदी समाजांत या विकाराच्या वाहकांचे प्रमाण अधिक असल्याने उल्हासनगरसारख्या शहरांत हा प्रश्न अनेक घरांत आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर पुढचे अपत्य गंभीर थॅलेसेमियापासून मुक्त असण्याची शक्यता चारांत तीन आणि त्याच्या पेशी आजारी भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. दोन्ही गोष्टी एकत्र येण्याची शक्यता सोळांत तीन, म्हणजे पाचांत एकाहूनही कमी. बाळ स्वतः केवळ वाहक असले तरी त्याचे रक्त चालते. गर्भाची थॅलेसेमियासाठी तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास होऊ शकते. रक्त अपुरे पडले, तर बाळ थोडे मोठे झाल्यावर त्याच्या अस्थिमज्जेची जोड देता येते.

नाळ कधी कापायची, याचा निर्णयही येथेच घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार जन्मानंतर किमान एक मिनिट नाळ कापू नये, कारण त्या अवधीत वारेतील रक्त बाळाकडे जाते आणि त्याचा लोहाचा साठा वाढतो. भारतात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६७ टक्के रक्तक्षयी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. पिशवी भरण्यासाठी नाळ घाईने कापली, तर पेढीत गेलेले रक्त बाळाच्याच वाट्याचे असते. थांबून कापली, तर पिशवी कमी भरते. घरात रुग्ण नसलेल्या कुटुंबाने बाळाच्या बाजूने कौल द्यावा, यात शंका नाही. घरात थॅलेसेमियाचे मूल असेल, तर प्रसूतितज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ यांनी प्रसूतीच्या पुरेसे आधी एकत्र बसून किती थांबायचे आणि किती रक्त घ्यायचे, हे ठरवावे लागते. प्रसूतीगृहात ऐनवेळी असा निर्णय होत नाही.