टोंगळे, तेल आणि सांध्यातली चरबी

वऱ्हाडात टोंगळे दुखू लागले की आधी तेलाची आठवण होते. तीळ, करडी, जवस, एरंडी, मोह; घरात जे असेल ते. लसूण आणि ओवा घालून तेल कडवायचे, कोमट झाले की निजताना चोळायचे आणि वरून शेक द्यायचा. चांदूर रेल्वेच्या आसपासच्या शिवारात बाया दिवसभर वाकून निंदण करतात, कापूस वेचतात. त्यांच्या गुडघ्यांना आणि कमरेला हा उपचार पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा आहे. त्याची मुळेही जुनी आहेत. माधवकराच्या ‘माधवनिदाना’त आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे आणि त्या दुखण्यावर आयुर्वेदाने एरंडेलाला मोठा मान दिला.

हे तेल गावातच निघे. लाकडी उखळ, त्यात फिरणारी लाट, डोळ्यांना झापड बांधलेला बैल आणि बाजूला साचणारी ढेप, असा तेल्याचा घाणा असे. 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला आणि इथल्या तेलबियांना दूरची बाजारपेठ मिळाली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातले जवस मुंबई बंदरातून युरोपात जाऊ लागले. तिथे त्याचे रंग, वार्निश आणि लिनोलियम होई. पुढे गिरण्यांपुढे घाणे मागे पडू लागले. डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी घाणीत सुधारणा केल्या, त्या या धंद्याला तगवण्यासाठीच. चांदूरहून वर्धा त्याच लोहमार्गावर, धामणगाव आणि पुलगावच्या पुढे आहे.

जवसाचे तेल लाकडावर लावले की हवेतला प्राणवायू शोषून त्याचा कडक पापुद्रा होतो. बरणीत ठेवले तर ते लवकर खवट होते. दोन्हींचे कारण एकच. या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, म्हणजे ओमेगा-3 कुळातले स्निग्धाम्ल. करडीच्या तेलात मात्र लिनोलेइक आम्लाचे राज्य. ते ओमेगा-6 कुळातले. रब्बीच्या एकाच शिवारात ही दोन कुळे शेजारी वाढत होती. संधिवाताच्या अभ्यासात पुढे ह्याच दोन कुळांना महत्त्व आले.

जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने 1929 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की काही स्निग्धाम्ले अन्नातूनच मिळावी लागतात; शरीर ती तयार करू शकत नाही. लिनोलेइक आम्लापासून शरीरात अ‍ॅराकिडोनिक आम्ल होते. 1964 मध्ये बर्गस्ट्रॉम आणि व्हॅन डॉर्प यांच्या गटांनी त्याच आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन बनते हे सिद्ध केले. सूज आणि वेदना वाढवणाऱ्या द्रव्यांत प्रोस्टाग्लँडिने येतात. अ‍ॅस्पिरिन ती बनण्याची वाटच अडवते, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये उलगडले. 1982 चे नोबेल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि व्हेन या तिघांना मिळाले.

खुद्द सांध्यातल्या चरबीकडे मात्र फार काळ कुणी नीट पाहिले नाही. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने 1691 मध्ये सांध्यांच्या आतल्या चरबीदार घड्यांचे वर्णन केले. जर्मनीच्या आल्बर्ट होफा यांनी 1904 मध्ये वाटीखालची चरबीची गादी सुजून गुडघा दुखतो असे नोंदवले. तरीही ती नुसती गादीच मानली गेली. गेल्या काही दशकांत समज बदलली. ही चरबी दाह वाढवणारी द्रव्ये स्वतः सोडते. शिवाय लठ्ठ माणसांत हातांच्या बोटांचेही सांधे जास्त झिजतात, आणि बोटांवर तर देहाचा भार नसतो. वजनाखेरीज चरबीचे आणखी काही काम आहे, हे त्यावरून उघड होते.

ते काम आता नकाशासारखे पाहता येते. सांध्याच्या आतल्या अस्तराचा गोठवलेला, केसाहून पातळ काप घेतात. त्यावर लेसर एकेका बिंदूवर मारतात आणि उडालेल्या रेणूंचे वस्तुमान मोजतात. कोणती चरबी अस्तरात नेमकी कुठे साठली आहे ते त्यातून कळते. स्पेनमधल्या आ कोरुन्या आणि नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी 2021 मध्ये या पद्धतीने दाखवले की झिजेच्या संधिवातात अस्तरातल्या चरबीची घडणच निरोगी अस्तराहून वेगळी असते.

मग आजीचे तेल खरे की खोटे? चोळण्याने आणि शेकाने आराम पडतो, हे खरे. वरून लावलेले तेल सांध्याच्या अस्तरातली चरबी बदलत नाही, हेही खरे. जवसाची चटणी उत्तम अन्न आहे, पण तिच्यातल्या ओमेगा-3 चा अगदी थोडा भाग शरीर माशांच्या तेलातल्या ईपीएसारख्या रूपात आणू शकते. आमवातात, म्हणजे रुमॅटॉइड संधिवातात, काहीसा उतार दिसला तो माशांच्या तेलाच्या मोठ्या मात्रांनी, आणि तोही औषधांच्या जोडीला.

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या पुण्याच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. दर शंभर प्रौढांमागे सुमारे अठरा जणांना हाडा-सांध्यांचे दुखणे होते आणि दर दोनशेंमागे साधारण एकाला आमवात. त्या धर्तीवर वऱ्हाडातल्या गावांचीही, ताटातल्या तेलाच्या नोंदीसह, पाहणी व्हायला हवी. जवस आणि करडीची जागा सोयाबीनने घेतलेल्या या मुलखात ती नोंद फार मोलाची ठरेल.

तोवर एक गोष्ट घरोघरी माहीत असावी. सकाळी उठल्यावर बोटांचे, मनगटांचे सांधे तासभर आखडलेले राहत असतील, सुजत असतील आणि हे सहा आठवडे टिकले असेल, तर तेलावर भागवू नका. डॉक्टरांना दाखवा. आमवातावर औषधे लवकर सुरू झाली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात.