सुरुंगाचा आवाज आणि आपल्या पायाखालची जमीन

आज 11 डिसेंबर. पाटण खोऱ्यातल्या जुन्या माणसांना या तारखेची आठवण करून द्यावी लागत नाही. 1967 साली पहाटे सव्वाचारच्या पुढे कोयनानगर कोसळलं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. आमची आजी सांगायची, "आधी जमिनीखालनं मालगाडी गेल्यागत आवाज आला, मग भिंती आल्या."

पण त्यानंतरची एक गोष्ट आपल्याकडं फार कमी लोकांना ठाऊक आहे.

1970 च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं, डॉ. के. एल. कैला यांच्या पुढाकारानं, इथली जमीन आतून तपासली. एक रेषा आखली गेली ती थेट गुहागरच्या समुद्रापासून आपल्या सांगली जिल्ह्यातल्या चोरोचीपर्यंत. रेषेवर ठिकठिकाणी बोअर मारून सुरुंग उडवायचे आणि दूरवर मांडलेल्या यंत्रांनी हादरे टिपायचे. युक्ती साधी आहे. लाट वरच्या काळ्या खडकात सेकंदाला साधारण 5 किलोमीटर जाते, ग्रॅनाइटमध्ये 6, आणि कवचाखालच्या प्रावरणात 8. कुठली लाट किती वेळात पोचली यावरून कुठला थर किती खोल ते कळतं. डॉक्टर पाठीवर बोटं आपटून छाती तपासतात, तसंच.

कळलं ते असं: आपला सह्याद्री एवढा प्रचंड दिसतो, पण लाव्ह्याचा हा थर एक-दीड किलोमीटरचाच. त्याखाली कवच सुमारे 35 ते 40 किलोमीटर खोल. पुढं प्रत्यक्ष बोअर घेतले तेव्हा रासाटीला 932 मीटरवर काळा खडक संपला, गोठण्याला सव्वा किलोमीटरवर. खाली थेट ग्रॅनाइट. आणि कोयनेचे भूकंप होतात ते या ग्रॅनाइटमधल्या भेगांवर. आज कराडजवळ हजारमाचीला यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे.

म्हणजे आपल्या पायाखालची जमीन शास्त्रज्ञांना चांगली माहीत आहे. माहीत नाही ती आपल्यालाच. हे सगळं इंग्रजी शोधनिबंधात राहिलं. गावात मात्र अजून दगड-मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकतात, लिंटेलची सलग पट्टी सोडून देतात. खोऱ्यात हादरे आजही बसतात.

भूकंप थांबवता येत नाही, घर मजबूत बांधता येतं. दरवर्षी 11 डिसेंबरला मेणबत्त्या लावतो तशी एक ग्रामसभा या विषयावर घेतली तर? तुमच्या गावात झाली असेल तर जरूर कळवा.