तारण, खंडणी आणि मुक्ती : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील पापविमोचनाची परिभाषा

एखादा धर्मसिद्धान्त दुसऱ्या भाषेत प्रवेश करतो तेव्हा तो रिकाम्या जागेत येत नाही. त्या भाषेत आधीपासून नांदणाऱ्या शब्दांच्या घरात तो पाहुणा म्हणून येतो आणि त्या घराच्या रीतिभातींशी त्याला जुळवून घ्यावे लागते. मराठी ख्रिस्ती परंपरेत पापापासून होणाऱ्या सुटकेसाठी 'तारण' हा शब्द रूढ झाला. 'तॄ' म्हणजे तरून जाणे, या धातूपासून तो आला. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील पुसदसारख्या कापसाच्या मुलखात, जिथे पेरणी कर्जावर आणि कर्ज जमिनीवर उभे असते, तिथे 'तारण' म्हटल्यावर शेतकऱ्याच्या मनात प्रथम सावकाराकडे किंवा पेढीत ठेवलेली जमीन अथवा दागिना येतो. या दुसऱ्या अर्थाने तारण तारते ते धनकोला, ऋणकोला नव्हे. 'उद्धार' या शब्दाची गतही तीच आहे. 'उधार' हे त्याचेच तद्भव रूप. सुटकेचे आणि देण्याचे शब्द मराठीत असे एकाच कुळातून निघालेले असल्यामुळे, ख्रिस्ती तारणाचा सिद्धान्त मराठीत कसा उमटला हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही. तो अर्थविचाराचा आणि वाङ्मयेतिहासाचा प्रश्न ठरतो.

पुसदचे स्थान या विचाराला एक सोयीची पार्श्वभूमी पुरविते. १९०५ पर्यंत पुसद तालुका वाशिम जिल्ह्यात होता. तो जिल्हा मोडल्यावर तो यवतमाळला जोडला गेला. दक्षिणेला पैनगंगा आणि नदीपलीकडे माहूर. माहूर हे रेणुकेचे आणि दत्तात्रेयाचे क्षेत्र. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांत दत्तात्रेयप्रभूंना स्थान आहे, आणि चांगदेव राउळांना त्यांच्याकडूनच शक्तिलाभ झाला अशी पंथाची धारणा आहे. तेराव्या शतकात चक्रधरांनी मांडलेले तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर अशा चार स्वतंत्र पदार्थांवर उभे आहे. देवता फळे देतात. मोक्ष देत नाहीत. जीवाचा उद्धार करण्याचे सामर्थ्य एका परमेश्वरालाच आहे आणि त्यासाठी तो कृपेने मनुष्यदेह धारण करतो. एकच उद्धारक, त्याचा मनुष्यावतार आणि इतर देवतांच्या मोक्षदानाचा स्पष्ट नकार, ही तिन्ही सूत्रे ख्रिस्ती मिशनरी वऱ्हाडात येण्याच्या सहा शतके आधी मराठी गद्यात नोंदली गेली होती. म्हणून 'कृपेने उद्धार' ही कल्पना परकी होती, हे मत टिकत नाही. भेद दुसरीकडे होता. महानुभावांच्या विचारात जीवाला बांधणारी मूळ गोष्ट अविद्या आहे. ख्रिस्ती विचारात ती पाप आहे. अविद्येला ज्ञान लागते. पापाला क्षमा लागते. आणि क्षमेसाठी कुणाला तरी मोल द्यावे लागते काय, हा प्रश्न महानुभावांच्या भाषेत मुळात उद्भवतच नाही.

मराठीत या प्रश्नाची पहिली मोठी मांडणी गोमंतकात झाली. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, आदिमानवाचे पतन आणि तारकाची प्रतीक्षा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ही विभागणी बायबलच्या दोन करारांना अनुसरणारी असली तरी तिचे कार्य कथनात्मक आहे. पाप ही येथे व्याख्येने सांगितलेली गोष्ट नसून एका दीर्घ आख्यानाचा आरंभ आहे, आणि तारण हा त्या आख्यानाचा शेवट आहे. स्टीफन्स यांनी ख्रिस्ताला 'तारकु' म्हटले, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. नवख्रिस्तींना आपली जुनी पुराणे गमवावी लागली होती. त्यांच्या जागी एक पुराण द्यावे, ही या ग्रंथामागील प्रेरणा ग्रंथातच सांगितलेली आहे. पुराण म्हटले की श्रवण आले, आणि श्रवणाने पापक्षालन होते ही श्रोत्यांची जुनी श्रद्धाही आली. म्हणजे ग्रंथाचा आशय एका दिशेने जात होता आणि त्याचा वाङ्मयप्रकार श्रोत्याला परिचित दिशेने नेत होता. या ताणातच 'क्रिस्तपुराणा'चे वाङ्मयीन सामर्थ्य आहे. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली तेव्हा मराठी समीक्षेने त्याच्या भाषासौंदर्याची दखल घेतली. त्यातील पापविचाराकडे मात्र तितक्या गांभीर्याने पाहिले गेले नाही.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांबरोबर आलेली भाषा निराळी होती. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८२६ मध्ये त्यांचा मराठी नवा करार प्रसिद्ध झाला. या परंपरेने तारणाचा विचार आख्यानातून काढून न्यायालयात नेला. पापी हा आरोपी, देव हा न्यायाधीश, आणि विश्वासाने मनुष्य 'नीतिमान ठरतो'. 'ठरणे' हे क्रियापद लक्षणीय आहे. मनुष्य नीतिमान होत नाही. तो तसा ठरविला जातो. नीती ही आचरणाने सिद्ध होणारी गोष्ट मानणाऱ्या वाचकाला ही रचना खटकणे स्वाभाविक होते.

याच परंपरेत दोन शब्द निर्णायक ठरले : 'प्रायश्चित्त' आणि 'खंडणी'. धर्मशास्त्राच्या परिभाषेत प्रायश्चित्त हे ज्याने पाप केले त्याने स्वतः घ्यावयाचे असते. उपवास, दान, तीर्थयात्रा हे त्याचे मार्ग. एकाच्या पापाचे प्रायश्चित्त दुसऱ्या निष्पाप पुरुषाने घेतले, हे विधान कर्मसिद्धान्ताच्या मुळावर येणारे होते. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहून आणि विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर चालविलेल्या वादांतून मिशनऱ्यांना जे आव्हान दिले, त्याचा विचार करताना हा शब्दसंघर्ष ध्यानात ठेवावा लागतो. दोन्ही पक्ष पुष्कळदा एकच शब्द वापरीत होते. पण त्या शब्दाने दोघांना एकच वस्तू दिसत नव्हती.

'खंडणी'चा इतिहास अधिक बोलका आहे. ख्रिस्ताने आपला जीव अनेकांसाठी मोल म्हणून दिला, या कल्पनेसाठी मराठी बायबलने हा शब्द स्वीकारला. मराठी राजकीय व्यवहारात खंडणी म्हणजे दुर्बळाने प्रबळाला द्यावयाची रक्कम. भोसले आणि निजाम यांच्या दुहेरी अंमलाचा अनुभव घेतलेल्या वऱ्हाडात तो शब्द पुस्तकी नव्हता. मग खंडणी कोणाला दिली? हा प्रश्न नवा नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेनने तिचे उत्तर सैतानाकडे बोट दाखवून दिले होते. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने ते नाकारले आणि देवाच्या अवमानित प्रतिष्ठेची भरपाई असा अर्थ लावला. मराठी वाचकाला हा वाद ठाऊक नव्हता. पण शब्दानेच तो त्याच्यासमोर उभा केला. खंडणी मागणारा देव असेल तर तो दयाळू कसा, आणि सैतान असेल तर देव समर्थ कसा? आज त्या शब्दाला गुन्हेगारीचा अर्थ चिकटल्यामुळे हे रूपक आणखीच अवघड झाले आहे.

नीलकंठशास्त्री गोरे यांनी या कोंडीचा तात्त्विक विचार केला. १८२५ मध्ये जन्मलेल्या आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या काशीच्या पंडितांनी 'षड्दर्शनदर्पण' (१८६०) या हिंदी ग्रंथात दर्शनांची चिकित्सा केली. जीव आणि ब्रह्म यांचे ऐक्य मानल्यास पापाला वास्तव सत्ता राहत नाही, आणि पाप खरे नसेल तर क्षमाही खरी नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. गोऱ्यांचे मोठेपण असे, की त्यांनी तारणाचा पुरस्कार करण्याआधी पापाचे गांभीर्य सिद्ध करण्याची जबाबदारी पत्करली. त्यांचे पुढचे आयुष्य संशयाशी झुंजण्यात गेले, ही गोष्टही त्यांच्या विचाराच्या प्रामाणिकपणाचीच साक्ष आहे.

वऱ्हाडात ख्रिस्ती तारणविचाराला वेगळे वळण फ्री मेथॉडिस्ट मिशनने दिले. १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेला हा पंथ गुलामगिरीच्या विरोधातून आणि चर्चमधील आसनांचे भाडे नाकारण्यातून उभा राहिला होता. केवळ क्षमा मिळून काम संपत नाही. विश्वासणाऱ्याचे अंतःकरण पूर्णपणे पवित्र झाले पाहिजे, हा त्याचा आग्रह. १८८१ मध्ये भारतात आलेल्या अर्नेस्ट वॉर्ड आणि त्यांच्या पत्नीपासून त्याचे येथील काम सुरू झाले आणि पुढे यवतमाळ हे त्याचे प्रमुख केंद्र बनले. 'ठरणे' आणि 'होणे' यांतील जो भेद मराठी वाचकाला खटकत होता, त्याला या पंथाने आपल्या परीने उत्तर दिले : आधी ठरणे, मग होणे.

मराठी साहित्याच्या इतिहासात वॉर्ड यांचे नाव एका रेल्वेप्रवासामुळे राहिले. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात राजनांदगावला निघाले असता डब्यात त्यांची वॉर्ड यांच्याशी गाठ पडली. वॉर्ड यांनी त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला. परंतु पुस्तक देणारा आणि घेणारा यांना त्यात एकच गोष्ट दिसली नाही. टिळकांना जिंकले ते डोंगरावरील प्रवचनाने. खंडणीच्या सिद्धान्ताने नव्हे. त्यांच्या अभंगांतून ख्रिस्त माउली आणि गुरू म्हणून येतो. तेथे पाप म्हणजे थकलेले देणे किंवा मोडलेला कायदा नसून ताटातूट आहे, आणि तारण म्हणजे भेट. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. ताटातुटीच्या भाषेत क्रूसाचे प्रयोजन क्षीण होत नाही काय? माउली रागावलेली नसेलच, तर प्रायश्चित्त कशासाठी? टिळकांच्या कवितेत याचे उत्तर युक्तिवादाने मिळत नाही. क्रूस तेथे प्रेमाची सीमा म्हणून येतो. हे धर्मशास्त्राला अपुरे वाटेल. पण मराठी मंडळ्यांच्या ओठी टिळकांची पदे राहिली, याचा अर्थ श्रद्धेला ते पुरेसे वाटले.

पंडिता रमाबाईंचा मार्ग याच्या उलट आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरची काही वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात नोंदविले आहे. मराठी बायबलच्या भाषांतरात त्यांनी संस्कृतप्रचुर आणि हिंदू धर्मकल्पनांनी भारलेले शब्द टाळण्याचा प्रयत्न केला. भाषा साध्या बाईला कळली पाहिजे, हा त्यांचा निकष होता. नवा करार १९१३ मध्ये आणि संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही केडगावच्या आपल्या आश्रमाला त्यांनी 'मुक्ती' हेच नाव दिले. ज्या शब्दावर दर्शनांचा सर्वाधिक संस्कार, तोच शब्द. ही विसंगती केवळ वरवरची आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या; त्यांच्या लेखी मुक्ती म्हणजे प्रथम अन्न, निवारा आणि छळातून सुटका होती. रमाबाईंनी तो शब्द टाळला नाही. त्याचा वाच्यार्थ बदलला.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये (१९३४-३७) हा बदल आणखी पुढे जातो. तेथील परिवर्तनाचा प्रसंग पापाच्या कबुलीचा नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्या एकटीने विचार करतात आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करतात. बाप्तिस्मा नंतर येतो. सोवळ्याचे ओझे उतरणे हाच तेथे तारणाचा अनुभव आहे. ऋण, बंध, ताटातूट आणि विटाळ या चार रूपकांपैकी लक्ष्मीबाईंनी चौथे निवडले आणि त्याची दिशा उलटविली : विटाळ मानणे हेच पाप.

याच दशकात, ३१ मे १९३६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या महार परिषदेत केलेले भाषण 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध झाले. त्यानंतर 'मुक्ती' हा शब्द मराठीत उच्चारताना 'कशापासून?' हा प्रश्न टाळता येईनासा झाला. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत दलित समाजातून आलेले लोक मोठ्या संख्येने होते. ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला, त्याला प्रथम तू पापी आहेस असे सांगावे की तुझ्यावर पाप झाले आहे असे, हा पेच कोणत्याही प्रश्नोत्तरीत सुटलेला नव्हता. १९५३ मध्ये यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तीन दशके वऱ्हाडच्या भूमीवर तारणशास्त्राचे अध्ययन झाले. हा पेच सोडविण्यासाठी लागणारी सामग्री मात्र टिळक, रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्या मराठीत आधीच साठलेली होती.

या साऱ्या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. सिद्धान्त मराठीत भाषांतरित झाला असे म्हणण्यापेक्षा मराठीने त्याच्यातून निवड केली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे. न्यायालयाची आणि खंडणीची भाषा ग्रंथांत राहिली. गाण्यांत माउली राहिली. आत्मचरित्रांत सोडवणूक राहिली. पुसदच्या शेतकऱ्याला 'तारण' या शब्दात अजूनही गहाण जमीन दिसत असेल, तर तो त्याचा गैरसमज मानू नये. आपल्याला सोडविणारा कोणी आहे काय, आणि त्याने द्यावयाचे मोल कोण वसूल करतो आहे, हे दोन्ही प्रश्न त्या एका शब्दात त्याने एकत्र ऐकलेले असतात. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने त्यांपैकी पहिल्याचे उत्तर मोकळेपणाने दिले. दुसऱ्याचे उत्तर त्या वाङ्मयातील स्त्रियांनी जितके धिटाईने शोधले, तितके त्याच्या शास्त्रग्रंथांनी शोधले नाही.