दाभोळची राख आणि काजूचे झाड

इतिहासाच्या तासाला एक वाक्य मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे : 'वास्को द गामाने १४९८ साली हिंदुस्थानच्या सागरी मार्गाचा शोध लावला.' एकदा मागच्या बाकावरच्या एका खारव्याच्या मुलाने विचारले, "गुरुजी, मग त्याच्याआधी आपली माणसे जात होती, ती कुठल्या वाटेने?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही.

मुलाचे म्हणणे खरेच होते. अरबस्तान, इराण आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा यांच्याशी आमच्या चौल-दाभोळचा व्यापार कित्येक शतकांचा. खुद्द गामालादेखील आफ्रिकेतील मालिंदीहून पुढे वाटाड्या घ्यावा लागला. वाटाड्या जाणता आणि वारा अनुकूल, म्हणून त्याची गलबते २३ दिवसांत मलबारच्या किनाऱ्याला लागली. परतताना मात्र त्याने वाऱ्यासाठी धीर धरला नाही. ईशान्येचा वारा स्थिर होण्यापूर्वी, ऑक्टोबरच्या आरंभीच, तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला. तोच समुद्र ओलांडायला आता जवळजवळ तीन महिने लागले. ताज्या अन्नावाचून हिरड्या सुजून त्या एका टप्प्यात सुमारे ३० खलाशी मेले. उरलेल्या माणसांना सगळी गलबते चालवता येईनात, तेव्हा एक जाळून टाकावे लागले. वाऱ्याचा हा हिशेब आमच्या खलाशांना पिढीजात पाठ होता. नवी होती ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून युरोपातून येणारी वाट, आणि त्या वाटेने आलेल्या तोफा.

त्या तोफांचा अर्थ आमच्या मुलुखाला दहा वर्षांत कळला. वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीचे भरभराटीचे बंदर होते. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदा याचा मुलगा मारला गेला. ते आरमार दाभोळचे नव्हते. तरी सुडासाठी निघालेल्या बापाने डिसेंबरअखेर वाटेवरचे दाभोळ गाठले, लुटले आणि जाळले. बायकापोरेही कत्तलीतून सुटली नाहीत. समुद्रावर परवानेही आले. पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' जवळ नसेल ते जहाज जप्त! जो समुद्र कुणाच्या मालकीचा नव्हता, त्याला दरवाजा बसला. अठराव्या शतकात कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक सुरू केले, ते याच दरवाजाला उलट लावलेले कुलूप होते.

परंतु याच गलबतांतून दुसरेही काही उतरले. काजू ब्राझीलमधून आला. मिरची, बटाटा, रताळे, शेंगदाणा, पपई, अननस ही सारी अमेरिकेची लेकरे. ज्या टॅपिओकाच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोही तिकडचाच. एकादशीला सोवळ्याने शिजणारी खिचडी पाहा : साबुदाणा, दाणे, बटाटा, हिरवी मिरची. कोलंबसाच्या आधी यातले काहीच आपल्या स्वयंपाकघरात नव्हते. चावी, पगार, पाव, लिलाव, घमेले, तुरुंग हे शब्दही पोर्तुगीजांचेच. आणि जांभ्या दगडाच्या ज्या उतारावर दुसरे फारसे काही धरत नाही, तिथे काजू धरतो. त्याच्या बियांवर आमच्या कोकणात कितीतरी घरांचा वर्षाचा खर्च निघतो.

मग जमाखर्च बरोबरीत सुटला, असे म्हणावे काय? पुष्कळ शहाणी माणसे तसे म्हणतात. मला ते पटत नाही. कारण वहीतील दोन्ही बाजू एकाच माणसाच्या नावावर नाहीत. दाभोळात जे मेले त्यांनी काजू चाखला नाही, आणि आज आम्ही तो खातो ते काही भरपाई म्हणून नव्हे. झाड निरपराध आहे, ते कुणाचा गुन्हा धुऊन काढीत नाही. त्याचप्रमाणे जुनी आग आठवते म्हणून काजूची बाग कुणी तोडणार नाही. दोन्ही नोंदी वहीत असू द्याव्यात, एकीने दुसरी खोडू नये.

त्या मुलाला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. आता फळ्यावरचे वाक्य मी बदलले आहे. 'युरोपातून हिंदुस्थानला येण्याचा सागरी मार्ग पोर्तुगीजांना सापडला,' असे लिहितो, आणि त्याखाली दुसरी ओळ घालतो : 'दाभोळ, डिसेंबर १५०८.'