दुधाच्या पैशांतून दवाखाना

आपल्या देशातील वैद्यकीय महाविद्यालये शहरांत उभी राहिली आणि रुग्ण मात्र बहुसंख्येने खेड्यांत राहिले. हे अंतर तोडण्यासाठी महाविद्यालयाने खेड्यात जावे, ही कल्पना आता सर्वमान्य झाली आहे. परंतु खेड्यात गेलेला दवाखाना तेथे टिकावा कसा? या प्रश्नाचे एक उत्तर १९७३ साली कर्नाटकातील मल्लूर या गावी मिळाले. त्यामागचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी धर्मभगिनींना रुग्णशुश्रूषेची मुभा होती. पण वैद्यक व्यवसाय, विशेषतः प्रसूतीचे काम, ख्रिस्तसभेच्या नियमांनी त्यांना जवळजवळ बंद होते. इकडे भारतात असंख्य स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येण्यास तयार नव्हत्या. रूढी आणि नियम यांच्या कात्रीत कितीतरी माता विनाउपचार राहिल्या. अशा काळात मेलबर्न विद्यापीठातून १९१० साली वैद्यकीय पदवी घेतलेल्या डॉ. मेरी ग्लाउरी १९२० मध्ये गुंटूरला आल्या, येशू-मेरी-योसेफ संस्थेत धर्मभगिनी झाल्या आणि पोपमहोदयांच्या खास अनुमतीने रुग्णसेवा करू लागल्या. सर्वच धर्मभगिनींसाठी हे दार रोमने १९३६ साली उघडले.

सिस्टर मेरी यांनी ओळखले होते, की एकट्या डॉक्टरच्या हातून हे काम पुरे होणारे नाही. त्यांनी स्थानिक मुलींना परिचारिका व सुईणी म्हणून तयार केले. विखुरलेल्या कॅथलिक रुग्णालयांना एकत्र आणणारी संघटना त्यांच्याच पुढाकाराने १९४३ मध्ये स्थापन झाली. भारतात कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालय व्हावे, ही त्यांची तळमळ होती. १९५७ साली त्यांचे बंगलोर येथे निधन झाले. त्याच शहरात भारतीय कॅथलिक महागुरू परिषदेने १९६३ साली सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. ज्या बीजाचे झाड पाहणे पेरणाऱ्याच्या नशिबी नसते, त्यांपैकी हे एक.

या महाविद्यालयाने पदवीधरांवर ठराविक काळ ग्रामीण सेवेचे बंधन घातले. पण सेवा बंधनापुरतीच राहिली, तर मुदत संपताच डॉक्टर निघून जातो आणि गाव पूर्वीसारखेच राहते. मल्लूरचे महत्त्व येथे आहे. तेव्हाच्या कोलार व आजच्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील या गावी शेतकऱ्यांची सहकारी दूधसंस्था होती. महाविद्यालयाच्या साहाय्याने तिने आरोग्य केंद्र उभारले आणि त्याच्या खर्चासाठी दुधाच्या हिशेबातून अल्पसा वाटा बाजूला काढण्याची योजना आखली. डॉक्टर महाविद्यालयाचा, पैसा गावाचा. येथे गावकरी उपकृत म्हणून हात पसरून उभा नव्हता. दवाखाना त्याचा स्वतःचा होता, म्हणून तो जाबही विचारू शकत होता. शिकाऊ डॉक्टरही येथे शिकला, की आजार केवळ शरीरात नसतो. तो विहिरीच्या पाण्यात, घरच्या चुलीत आणि उत्पन्नातही असतो.

मात्र एक प्रश्न मागे उरतो. ज्याच्या दावणीला गाय नाही, त्याचा या दवाखान्यात वाटा कोणता? गावातला सर्वांत गरीब बहुधा भूमिहीन मजूर असतो; दूधसंस्थेच्या सभासदांच्या यादीत त्याचे नाव नसते. गावाने स्वतः पैसे उभे केले, तरी न्याय आपोआप होत नाही. सर्वांसाठी आरोग्य, ही घोषणा १९७८ साली आल्मा-आता येथे जगातील राष्ट्रांनी केली. त्यातील 'सर्वांसाठी' हा शब्दच सर्वांत अवघड आहे.

सहकार आम्हां वसईकरांना परका नाही. आमच्या पूर्वजांनी १९१८ साली कॅथलिक सहकारी पतपेढी उभारली, ती आज मोठी बँक आहे. कर्जासाठी सावकाराच्या दारी जाणे ज्यांनी संपविले, त्यांच्या नातवंडांनी आजारपणासाठी दागिने गहाण टाकावेत काय? आपल्या धर्मग्रामांतून परिचारिका झालेल्या मुली कमी नाहीत, डॉक्टरही झाले आहेत. पैसा आहे, माणसे आहेत. त्यांची गाठ घालून देणारे मल्लूर आपल्या गावी केव्हा उभे राहील, हे आपणच ठरवावयाचे आहे. आणि ते उभे राहिले, तर दावण रिकामी असलेल्या शेजाऱ्याला पहिला मान द्यावयाचा आहे.